डाव्या बाजूचा करकरीत घास

मधली सुट्टी होती. बाहेर श्रावणातली सर कोसळत होती, त्यामुळे चौथीची मुलं वर्गातच डबे उघडून बसली होती. वरच्या वाडीवरून येणाऱ्या एका मुलीनं दप्तरातून काकडी काढली. मांडवावरची, मनगटाएवढी जाड, अंगावर अजून पावसाचं पाणी. चाकू नव्हता. तिनं ती गुडघ्यावर आपटून मोडली आणि पहिला घास घेतला. कर्रकन् आवाज झाला. सगळ्या वर्गानं माना वळवल्या. पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठून तिच्याजवळ गेला आणि काही न बोलता त्यानं हात पुढे केला. तिनं तुकडा दिला. त्यानं तो खाल्ला, आणखी मागितला, मग तिसराही.

आठवडाभरापूर्वीच त्या मुलाची आई पालकसभेत मला म्हणाली होती, "बाई, आमचा कच्चं काहीच तोंडात घेत नाही. गाजर नाही, काकडी नाही, टोमॅटो तर बघतसुद्धा नाही. काय करू सांगा."

मी पनवेलजवळच्या नेऱ्यातल्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. या काळात सुकापूरकडून येणाऱ्या माथेरान रोडच्या दोन्ही बाजूंची भातशेती कमी होत गेली आणि टॉवर वाढत गेले. पालक बदलले, डबे बदलले. पण हा एक प्रश्न मला जितक्या आयांनी विचारला, तितका दुसरा कुठलाच नाही. आता निवृत्त झाले आहे, वेळ आहे. म्हणून तुमच्याशी, आई आणि बाबा दोघांशीही, निवांत बोलावंसं वाटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कच्च्या भाजीशी मुलांचं वैर नसतं. त्यांना नको असते ती मऊ पडलेली, पाणी सुटलेली, कोपऱ्यात गारठलेली भाजी. आणि तिच्याबरोबर आपण वाढतो तो धाकही त्यांना नको असतो.

आपल्याकडे पान वाढताना डावं-उजवं सांभाळतात. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. पंगतीत डावी बाजू आधी वाढली जाते, भात-वरण नंतर येतं. आजीच्या हाताखाली वाढायला शिकलेल्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे. घरात मात्र आपण उलटं केलं. पोळी, भाजी, आमटी आधी आणि कोशिंबीर झालीच तर शेवटी. तीही सकाळी चिरून, मीठ घालून, झाकून ठेवलेली. दुपारी झाकण काढलं की भांड्यात तळाशी पाणी आणि वर लुळी पडलेली काकडी. ती मुलानं खावी अशी आपली अपेक्षा! मी तरी ती खाल्ली नसती.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना एकदा मी बीटची कोशिंबीर केली होती. त्यानं ताटाच्या कडेला सारली. मी म्हटलं, संपल्याशिवाय उठायचं नाही. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी तो तसाच बसून होता, गालांवरून पाणी ओघळत होतं आणि मी माझा हट्ट सोडायला तयार नव्हते. शेवटी त्यानं ती गिळली. तो आज अडतीस वर्षांचा आहे, त्याला दोन मुलं आहेत, आणि बीट तो अजून खात नाही. ती रात्र मला पुन्हा मिळाली तर मी ते ताट शांतपणे उचलून ठेवीन.

मुलांच्या खाण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी हे पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. साधारण दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाची भीती सर्वांत जास्त असते. ती भीती ओळखीनं जाते, आणि ओळख व्हायला एखादी चव आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. आपण दोनदा वाढतो, दोनदा नकार मिळतो आणि 'याला आवडत नाही' असा शिक्का मारून मोकळे होतो. 'कोशिंबीर संपव, मग आइस्क्रीम' या सौद्याचाही उलटाच परिणाम होतो. मूल त्यातून एवढंच शिकतं, की कोशिंबीर ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस. तेव्हा ताटात दोन फोडी ठेवा आणि गप्प राहा. खाल्ल्या तर कौतुकाचा गजर नको, नाही खाल्ल्या तर कपाळावर आठी नको. तुम्ही मात्र मुलासमोर बसून त्याच फोडी खा, चांगल्या आवाज करत खा.

आवाजाचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. 2004 साली ऑक्सफर्डमधले चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झाम्पिनी यांनी एक गमतीचा प्रयोग केला. माणसांना बटाट्याचे वेफर खायला दिले आणि चावण्याचा त्यांचाच आवाज हेडफोनमधून त्यांना ऐकवला. वेफर तेच, पण आवाज वाढवला की लोकांना ते जास्त ताजे आणि कुरकुरीत वाटायचे. आपल्या मुलांना वेफरच्या पाकिटाची ओढ लागते, त्यात मीठ-मसाल्याबरोबर त्या आवाजाचाही वाटा आहे. तोच आवाज ताज्या काकडीत, गाजरात, मुळ्यात, कोबीच्या आतल्या पानात असतो. आपणच तो चिरून, मीठ लावून, ताटकळत ठेवून मारून टाकतो.

तो मरतो कसा, हे कळलं की टिकवणं सोपं जातं. भाजीच्या प्रत्येक पेशीत पाणी गच्च भरलेलं असतं, फुगवलेल्या फुग्यासारखं. दात लागताच तो फुगा फुटतो, म्हणून करकर वाजते. मीठ लागलं की ते पेशीतलं पाणी बाहेर ओढतं, फुगा ढिला पडतो. म्हणून मीठ शेवटी, अगदी पान वाढताना घालायचं. भाजी चिरल्यावर दहा-पंधरा मिनिटं बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवली, तर सुकत आलेल्या पेशी पाणी पिऊन पुन्हा ताठ होतात. मग निथळून, स्वच्छ पंचावर पसरून कोरडी करायची. हा कोरडेपणा महत्त्वाचा. ओल्या भाजीला दह्याचं काही चिकटत नाही, सगळं भांड्याच्या तळाशी जातं.

आता त्या दह्याकडे येते. मुलांना हवं असतं ते दाट, पांढरं, मलईदार. बर्गरच्या गाडीवर, सँडविचच्या दुकानात त्यांनी मेयोनीज चाखलेलं असतं, आणि त्या चवीत त्यांचा काही दोष नाही. पण अस्सल मेयोनीज म्हणजे तीन-चतुर्थांशाच्या आसपास तेलच असतं, आणि ते कच्च्या अंड्यात घोटलेलं असेल तर उन्हाळी हवेत त्यात विषबाधेचे जंतू वाढायला वेळ लागत नाही. याच कारणानं तेलंगणानं 2024 च्या ऑक्टोबरअखेरीस आणि तमिळनाडूनं 2025 च्या एप्रिलमध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभरासाठी बंदी घातली. बाटलीतलं बिनअंड्याचं मेयोनीज घ्यायचं असेल तर पाठीमागची बारीक अक्षरं वाचून घ्या, तेल किती आणि साखर किती ते कळेल.

आपल्या घरात याहून चांगली गोष्ट आहे, तिचं नाव चक्का. श्रीखंडाला लागतो तोच. अर्धा लिटर सायीचं, आंबट न झालेलं दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीवर ठेवायचं, खाली भांडं ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये. पनवेलच्या दमट हवेत बाहेर टांगलं तर सकाळपर्यंत आंबतं, म्हणून फ्रिजच बरा. पाणी निथळून गेलं की लोण्यासारखा गोळा हाती येतो, चार माणसांना भरपूर पुरेल एवढा. खालचं पाणी फेकू नका, कणीक त्यातच भिजवा. चक्क्यात दोन चमचे ताजी साय घालून रवीनं किंवा काट्यानं फेटायचं. मग त्यात अर्धा चमचा फेसलेली मोहरी. आजच्या कितीतरी घरांत मोहरी फेसणं हरवलं आहे म्हणून सांगते. मोहरी थोड्या पाण्याबरोबर वाटत राहिलं की ती पांढरट होते, फेस येतो आणि वास नाकात चढतो. परदेशी मस्टर्डच्या बाटलीत जे असतं त्याची ही आपली थोरली बहीण. लहानग्यांसाठी चिमूटभरच घाला, नाहीतर डोळ्यांत पाणी येईल. वर लिंबाचा रस, चमचाभर साखर, मिरपूड, बारीक चिरलेली कोथिंबीर. आवडत असेल तर भाजलेल्या तिळाचं किंवा दाण्याचं कूट दोन चमचे. मीठ शेवटी. चव घेताना मुलालाच विचारा, आंबट जास्त हवं की गोड. तो जे सांगेल ते ऐका.

भाज्यांचं प्रमाण काटेकोर नाही. एक काकडी, दोन गाजरं, एक कोवळा मुळा, कोबीची आतली चार-पाच पानं, अर्धी सिमला मिरची, असली तर कैरीची फोड. कांदा घालायचा तर अलिबागचा पांढरा. माळेत गुंफून येतो, गोडसर असतो, तिखटपणा बेताचाच, म्हणून मुलं तो कच्चा खातात. याला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या रायगड जिल्ह्याचीच वस्तू आहे, हंगामात घेऊन टांगून ठेवा. काकडी मात्र किसू नका. विळीवर चोचवा. चोचवलेल्या काकडीचे बारीक कण वेगवेगळे राहतात आणि दाताखाली येतात. किसलेल्या काकडीचा लगदा होतो. खमंग काकडी करणाऱ्या आपल्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

कुणी म्हणेल, सॅलड खायचं तर त्यात साय कशाला, नुसतं लिंबू पिळावं. माझ्याही मनात हे होतं. पण गाजरातलं बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते स्निग्ध पदार्थात विरघळतं. 2004 सालीच अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात सात जणांना सॅलड खायला देऊन त्यांचं रक्त तपासलं होतं. ड्रेसिंगमध्ये तेलाचा अंश नव्हता तेव्हा कॅरोटीन रक्तात जवळपास पोचलंच नाही. स्निग्धांश असलेल्या ड्रेसिंगबरोबर ते पोचलं. माणसं थोडीच होती, पण निष्कर्ष आपल्या जुन्या रीतीशी जुळतो. कोशिंबिरीवर तुपाची हिंग-जिऱ्याची फोडणी देणाऱ्या आजीनं कुठल्याही विद्यापीठाची वाट पाहिली नव्हती. तेव्हा साय घाला, फोडणी द्या. वाढत्या मुलाच्या ताटात एवढा स्निग्धपणा असायलाच हवा.

आता काळजीच्या गोष्टी, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे.

चार वर्षांखालच्या मुलाला कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नका. ते कडक असतात, घशात अडकतात. बारीक किसून, चक्क्यात कालवून द्या. मोठं मूलही धावताना, खेळताना, गाडीत मागे बसून कच्चं गाजर खाणार नाही, एवढं पाहा. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. कोबीची वरची तीन-चार पानं काढून टाका आणि आतली एकेक सोडवून धुवा. मिठाच्या पाण्यात ठेवलं म्हणजे सगळं मेलं, या भ्रमात राहू नका. चोळणं आणि वाहतं पाणी हेच खरं. 10 फेब्रुवारीला आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाड्यांत जंतनाशक गोळी देतात. 2015 साली सुरू झालेली ही मोहीम आता देशभर चालते आणि 1 ते 19 वयाच्या सगळ्यांसाठी आहे. कितीतरी पालक त्या दिवशी चिठ्ठी पाठवायचे, 'आमच्या मुलाला देऊ नका'. मुलाला आधीच काही आजार असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. पण केवळ भीतीपोटी नकार देऊ नका. ज्या घरात कच्चं खाल्लं जातं, त्या घराला तर ही गोळी हवीच.

आणखी एक गोष्ट. आपल्या भागात पावसाच्या तोंडाशी ठाकूर-कातकरी बायका टोपलीत रानभाज्या घेऊन बसतात. घ्या, जरूर घ्या, त्यांच्याशी घासाघीस न करता घ्या. पण रानातलं आहे म्हणजे कच्चं चालेल असं नाही. शेवळं कच्चं खाल्लं तर घसा असा खाजतो की विसरता येत नाही. म्हणून तर त्याच्याबरोबर काकडाची फळं किंवा चिंच घालून शिजवायची पद्धत आहे. अळूचंही तेच. वालाला मोड आणून डाळिंब्या कराव्यात, त्याही शिजवूनच. मोडाचे मूग घालायचे तर लहान मुलांसाठी पाच मिनिटं वाफवून घाला, कुरकुरीतपणा फारसा जात नाही. काय कच्चं आणि काय शिजवून, हे त्या टोपलीवाल्या मावशीला विचारा. मुलासमोर विचारा. त्या मावशीकडे जे ज्ञान आहे ते माझ्या पाठ्यपुस्तकात कधीच नव्हतं.

साधं, कच्चं खाणं आपल्या गावाला नवं नाही. नेऱ्याचं नाव महाराष्ट्रभर झालं ते शांतिवनामुळे. कुष्ठरोग निवारण समितीनं गाढी नदीच्या या खोऱ्यात कुष्ठरुग्णांना मानानं जगता येईल अशी जागा उभी केली. तिथे निसर्गोपचार केंद्रही आहे, आणि निसर्गोपचारात कच्च्या भाज्या-फळांना मानाची जागा असते. गांधीजींनी 1946 साली उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, त्यातही साधं, निसर्गाच्या जवळचं अन्न हाच पाया होता. शहरातली थकलेली माणसं गाडी करून आपल्या गावात येतात, चार दिवस साधं खातात, सावकाश चावतात आणि हलकी होऊन परत जातात. पन्नाशीत त्यांना जे शिकावं लागतं, ते आपल्या मुलांना पाचव्या वर्षी घराच्या ओट्यापाशी शिकता येईल.

ओट्यापाशी, हा शब्द मी मुद्दाम वापरला. मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते इथेच. मुलाला खायला बोलावण्याआधी करायला बोलवा. तीन वर्षांचं पोर काकडी धुऊ शकतं, पाण्यात खेळायला त्याला आवडतंच. पाच वर्षांचं कोथिंबीर निवडेल, कोबीचं पान हातानं फाडेल. आठव्या वर्षी सोलाण्यानं गाजर सोलता येतं. दहा-अकराव्या वर्षी तुम्ही शेजारी उभे असताना सुरी हातात द्या आणि बोटं कशी वळवून धरायची ते दाखवा. विळी मात्र नको, ती मोठ्यांचीच. ओटा ओला होईल, गाजराची सालं जमिनीवर पडतील, पंधरा मिनिटांचं काम पाऊण तासात होईल. होऊ द्या. स्वतः फाडलेलं पान मूल तोंडात घालून पाहतं, न सांगता. मी वर्गात हे कितीतरी वेळा पाहिलं आहे. शनिवारी कार्यानुभवाच्या तासाला आम्ही पचडी करायचो. घरी कोबीला हात न लावणारी मुलं कालवता कालवताच निम्मं संपवायची.

बाबांना एक वेगळं सांगायचं आहे. मुलं आईचं बोलणं ऐकतात, पण बाबांचं ताट बघतात. बाबांनी डावी बाजू तशीच ठेवून ताट उचललं, की आईनं महिनाभर केलेलं सगळं वाया जातं. तुम्ही कामावरून दमून येता, हे मला माहीत आहे. तरी रविवारी एक दिवस चक्का फेटायचं काम तुमचं आणि मुलाचं. बाकी कुणी हात लावायचा नाही.

डब्याचं काय, हा प्रश्न येणारच. कालवलेली कोशिंबीर डब्यात देऊ नका, मधल्या सुट्टीपर्यंत तिचं सार होतं. काकडी-गाजराच्या बोटभर लांब फोडी पुसून, कोरड्या करून एका डब्यात, आणि चक्का वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत. फोड बुडवायची आणि खायची. मुलांना हे बुडवणं फार आवडतं. मार्च ते जून दही पाठवू नका, दप्तर उन्हात तापतं. त्या दिवसांत लिंबू पिळलेलं दाण्याचं कूट द्या, किंवा नुसती काकडी आणि कागदाच्या पुडीत तिखट-मीठ. शाळेबाहेरच्या गाडीवर कैरी याच पुडीसकट विकली जाते आणि मुलं रांग लावतात, हे तुम्ही पाहिलं आहेच.

जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसासाठी दिवसाला 400 ग्रॅम फळं-भाज्या असा आकडा दिला आहे. तो ऐकून घाबरू नका, मुलाच्या ताटावर वजनकाटा ठेवायची गरज नाही. जेवणाआधी, भूक कडाडून लागलेली असताना, ओट्यावर चिरलेल्या फोडींची ताटली आणि चक्क्याची वाटी नुसती ठेवा. 'खा' म्हणू नका. येता-जाता हात जाईल. पोळ्या लाटून होईपर्यंत ताटली रिकामी झालेली असेल. झाली नाही, तर उद्या पुन्हा ठेवा, परवाही ठेवा.

ती काकडी मोडणारी मुलगी आता मोठी झाली आहे, तिला स्वतःचं मूल आहे. मागच्या महिन्यात बाजारात भेटली. कडेवरचं पोर काकडीची साल चोखत होतं, हनुवटीवरून रस ओघळत होता. तिनं मला ओळखलं, पाया पडली आणि पिशवीतली एक काकडी माझ्या हातात ठेवली.

आज रात्री निजण्याआधी अर्धा लिटर दही फडक्यात बांधून ठेवा. उद्या संध्याकाळी भाजी धुवायला घेताना पोराला हाक मारा, आणि त्याला स्टूल लागत असेल तर ते आधीच ओट्याला लावून ठेवा.